तनूचं मनगट आणि मापाची गाडी

“हिची वाढ अजून चालू आहे. थेट मॅडमनाच बोलाव,” एक्स-रेच्या खोलीतली बाई दुसरीला कन्नडमध्ये म्हणाली.

दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेरच्या बाकावर तनूचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. त्याच्यावरची लाल माती माझ्या ओढणीला लागली होती. वाढ चालू आहे, ही एरवी चांगली बातमी. त्या बाईच्या आवाजात मात्र ती चांगली वाटली नाही.

तनू माझी धाकटी बहीण, तेरा वर्षांची. ती मोटोक्रॉस चालवते. मातीचे चढउतार केलेला ट्रॅक असतो आणि त्यावरून हलक्या मोटरसायकली उड्या घेत पळतात. त्या सकाळी आनेकलच्या पुढच्या ट्रॅकवरून अप्पांनी तिला थेट होसूर रोडच्या एका हॉस्पिटलात आणलं. तिचं उजवं मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकलं होतं.

आमच्या मराठी मंडळातल्या काही आयांना आपल्या मुलांना हा खेळ शिकवावा की नाही हे विचारायचं आहे. आईने त्यांना परस्पर सांगून टाकलं, “मोठी लिहून देईल.” मी बोलून सांगणार नाही, हे तिला ठाऊक आहे. माझी शाळा इंग्रजीतली, मराठी घरातली. जसं जमेल तसं लिहिते.

मुलांच्या हाडांच्या डॉक्टर आल्या. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाल्या, “डिस्टल रेडियस, सॉल्टर-हॅरिस टाइप टू.” आमचे चेहरे पाहून त्या खुर्ची ओढून बसल्या. डिस्टल रेडियस म्हणजे हाताच्या हाडाचं मनगटाकडचं टोक. मुलांच्या हाडांच्या टोकाजवळ कूर्चेचा एक मऊ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड तिथूनच लांब होतं. मोठ्या माणसाचं जिथे नुसतं मुरगळतं, तिथे मुलांचा हा थर सरकतो. सॉल्टर-हॅरिस हे तो कसा मोडला आहे ते सांगायचे प्रकार.

“वाढ थांबेल?” आईने विचारलं.

“या प्रकारात बहुतेक मुलांची थांबत नाही. पण आपण वर्षभर बघत राहू.”

हाड जागेवर बसवायला क्लोज्ड रिडक्शन करायचं ठरलं. म्हणजे कापाकापी नाही, भूल देऊन हाड ओढून सरळ करायचं. पण तनूने ट्रॅकवर इडल्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे पोट रिकामं होईपर्यंत थांबावं लागलं. वेटिंग रूममध्ये अप्पा तिचे बूट दोन्ही हातांत धरून फेऱ्या मारत होते. आई त्यांच्याकडे बघत नव्हती.

आई आणि मी धरून चाललो होतो की ती उडीत पडली. आत जाताना स्ट्रेचरवरून तनूच म्हणाली, “अक्का, उडी मस्त झाली गं! पडले ती नंतर. थांबताना.”

थांबताना कोण पडतं?

संध्याकाळी मनगट सरळ झालं, प्लास्टर चढलं. डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या हातातलं हेल्मेट मागितलं. डोकं आपटलं होतं का ते त्यांना पाहायचं होतं. त्यांनी आत बोटं घातली आणि एक घडी घातलेला नॅपकिन बाहेर ओढला. आमच्याच घरातला, निळ्या काठाचा.

“हे काय?”

अप्पा छताकडे बघू लागले. “स्वल्प मोठं घेतलं होतं, डॉक्टर. वाढत्या अंगाचं.”

हे आमच्या घरचं शास्त्र आहे. माझा पहिलीचा युनिफॉर्म चौथीत मला बरोबर बसला. बुटांच्या पुढच्या टोकात कापूस, फ्रॉकला आत दुमडलेली शिवण, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत. बोम्मसंद्र्यात मशीन शॉपमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी भांडणारे अप्पा मुलींच्या कपड्यांच्या बाबतीत दोन-तीन वर्षं पुढचं बघतात. तनूची मोटरसायकलही त्यांनी तशीच घेतली होती, तिच्या मापाहून मोठी, पंच्याऐंशी सीसीची. थांबली की तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती रोज टायरांच्या ढिगाला टेकून थांबायची. त्या दिवशी तिथे दुसरी मोटरसायकल उभी होती. तनू तोल जाऊन बाजूला पडली आणि तिने हात टेकला.

“शेखर अण्णांनी सांगितलं नव्हतं?” आईने विचारलं. शेखर अण्णा म्हणजे तनूचे कोच.

“सांगितलं होतं. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, वर्षभरात उंच होईल.”

“तेवढ्यासाठी तिने पडत राहायचं?”

डॉक्टरांनी नॅपकिन अप्पांच्या हातात दिला. “बूट मोठे असले तर ठेच लागते. हेल्मेट सैल असलं तर ते डोक्यावर राहतच नाही. नशीब समजा की नुसतं मनगट मोडलं.”

आई म्हणाली, “तुम्हीच सांगा ना डॉक्टर, की हे कायमचं बंद.”

“ते मी नाही सांगणार. हाड जुळलं की ती चालवू शकेल. मापाची गाडी, मापाचं सामान, आणि नियम पाळणारं कुणी तरी सोबत. चालवायचं की नाही ते तुमच्या घरी ठरवा.”

घरी ठरलं ते असं, की मोटरसायकल विकायची. तनू भातात दही कालवत डाव्या हाताने जेवली.

पहिल्या आठवड्यानंतरचा एक्स-रे सगळ्यांत भीतीचा असतो, कारण जागेवर बसवलेलं हाड प्लास्टरच्या आत परत सरकू शकतं. आमचं सरकलं नव्हतं. मुलाला प्लास्टर लागलं तर बोटांचा रंग बघत राहा. निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

तनूने प्लास्टरवर ट्रॅकचा नकाशा काढला. टीव्ही बघताना तिचं डावं बोट त्यावरून फिरायचं. वळण, चढ, वळण. चढ आला की ती श्वास रोखायची. तिला वाटायचं कुणाचं लक्ष नाही.

मोटरसायकल घेणारी एक उंच मुलगी मिळाली. ती ट्रॅकवरच येणार होती, म्हणून अप्पांसोबत मी गेले. तोवर मी तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आधी आवाज आला, मग माती उडाली, आणि त्या मातीतून एक इवलीशी मोटरसायकल वर आली! तिच्यावर आठेक वर्षांची मुलगी. क्षणभर चाकं हवेत, खाली काहीच नाही. ती अलगद उतरली, माझ्यासमोर येऊन थांबली आणि तिने दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. इतकं सहज, जसं कुणी पायरी उतरावं. मला आतून एकदम ओरडावंसं वाटलं. अर्थात मी ओरडले नाही. पण परतताना अप्पा काही विचारतील म्हणून खिडकीकडे तोंड करून बसले, कारण माझं हसू जात नव्हतं.

मग मी बघायला लागले, विचारायला लागले. शेखर अण्णांना व्हॉट्सअॅपवर, समोर नाही. हेल्मेट घालून डोकं हलवलं तर गालांची कातडीही सोबत हलली पाहिजे. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. ब्रेकपर्यंत बोटं न ताणता पोचली पाहिजेत. छातीचं आणि गुडघ्यांचं कवच आजचं हवं, पुढच्या वर्षीचं नाही. मूल दमलं की त्या दिवसाचं चालवणं संपलं, त्याने कितीही विनवलं तरी.

प्लास्टर निघालं तेव्हा तनूचा हात बारीक आणि फिकट दिसत होता. मग फिजिओथेरपी सुरू झाली, म्हणजे कडक झालेला सांधा व्यायामाने परत चालता करणं. बाई तिला रबरी चेंडू दाबायला लावायच्या. तनू तो मोटरसायकलच्या थ्रॉटलची मूठ समजून पिळायची, तोंडाने आवाज काढायची. शेजारच्या खाटेवरचे आजोबाही तिला आवाज काढून उत्तर द्यायला लागले.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला. वाढीचा थर मोकळा होता, हाड त्याच्या गतीने वाढत होतं. तनूने तिथेच हवेत दोन्ही मुठी पिळल्या.

आईने एक्स-रे पाकिटात घातला. मग म्हणाली, “चालवू दे तिला. पण माझी एकच अट आहे. सोबत जाईल त्याने वेळेला नाही म्हणायला पाहिजे. तुझ्या अप्पांवर माझा भरवसा नाही. ते शिट्ट्या वाजवतात.”

“मी जाईन,” मी म्हणाले.

“तू? तू रिक्षावाल्याला आपलं घर मागे गेलं हे सांगत नाहीस. पुढे जाऊन उतरतेस आणि चालत येतेस.”

तनू खो खो हसली. मीही हसले. पण रविवारी मी गेले आणि त्यानंतर प्रत्येक रविवारी. शेखर अण्णांच्या अकॅडमीची पासष्ट सीसीची गाडी, जुनी, पण मापाची. आधी नुसत्या सपाट फेऱ्या. मग वळणं. मनगटाची ताकद परत आल्यावर डॉक्टरांनी उडीलाही होकार दिला.

तो रविवार आला. उडी टेबलटॉपची होती. हा वरून सपाट असलेला मातीचा उंचवटा. उडी कमी पडली तरी खाली खड्डा नसतो, जमीनच असते. पण त्याच्या पलीकडे कोण पडलं आहे हे मागून येणाऱ्याला दिसत नाही. म्हणून तिथे झेंडा घेऊन कुणी तरी उभं राहावं लागतं. आमच्याकडे ते काम पालक आळीपाळीने करतात. त्या दिवशी पाळी अप्पांची होती.

तनू सरळ पट्ट्यावर सज्ज झाली. मागे दोन मुली रांगेत. शेखर अण्णांनी सुटायची खूण म्हणून हात वर केला. कुणी तरी मोबाईल काढला.  आणि मला माझ्याच शेजारी अप्पा दिसले. झेंडा काखेत, मोबाईल डोळ्यांसमोर. लेकीची उडी सुरुवातीपासून दिसावी म्हणून ते जागा सोडून आले होते.

“अप्पा,” मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. तनूने थ्रॉटल पिळला.

“थांबा!” मी ओरडले. “अण्णा, हात खाली घ्या! पलीकडे झेंड्याला कुणी नाही!”

सगळे माझ्याकडे वळले. कान तापले, पण आवाज आता निघालाच होता. “अप्पा, मोबाईल खिशात. तुम्ही जागेवर पोचेपर्यंत ती सुटणार नाही.”

“अगं, एकच तर उडी—”

“तरीही.”

अप्पा पळाले. पन्नाशीचा माणूस, लाल मातीत चपला फटफटत. कुठल्याशा आईने टाळ्या वाजवल्या. तनूने गॉगल वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच या घरात आले आहे. मग तिने गॉगल खाली ओढला.

उंचवट्यापलीकडे अप्पा जागेवर पोचले आणि झेंडा वर झाला. शेखर अण्णांनी हात वर केला नाही. ते माझ्याकडे बघत होते.

मी तिचे पाय पाहिले. दोन्ही टेकले होते.

“सोडा तिला, अण्णा,” मी म्हणाले, सगळ्या ट्रॅकला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “जाऊ दे!”