हळदीचा डबा

शाळेनं मला चौथीतच हाकललं. पण लातुरात लग्नाच्या व्हिडिओला माझ्यासारखा रंग लावणारा दुसरा नव्हता, हे आजबी कुणाच्याबी तोंडावर सांगेन.

कॉम्प्युटरवर रंग सुधारायचा तर चौकोनी नोड एकामागं एक जोडावे लागतात. मी त्यांना डबे म्हणायचो. एका डब्यात एकच काम आणि वर नाव. पहिला उजेडाचा, दुसरा मांडवाच्या लाल कापडाची झाक मारायचा, मग चेहऱ्याचा, शेवटी हळदीचा, पिवळा खुलवायचा. शेजारी सून शिकायची. ती घाईनं सगळं एकाच डब्यात कोंबायची. मी म्हणायचो, "घरी मीठ-हळद एकाच डब्यात ठेवतीस का?"

यंदा निलंग्याचं एक लग्न करून दिलं. आठवडाभरात नवरीचे वडील पेनड्राइव्ह घेऊन दुकानात.

"काका, पोरीला कावीळ झाल्यावानी दिसायली. सासरचे हसायलेत."

मी भडकलो. "मालक, तुमचा टीव्ही बदला."

"मग हितं लावा की! हितं तर तुमचाच टीव्ही हाय."

लावला. मला हळद बरोबर दिसत होती, उलट जरा फिकीच. सून खाली मान घालून बसलेली. आपल्या डब्यांत कालवाकालव नसते, चूक असंल तर लगेच सापडंल, या तोऱ्यात मी एकेक डबा बंद करून चालू करू लागलो. उजेडाचा. कापडाचा. चेहऱ्याचा. मग हळदीचा बंद केला. चित्र होतं तसंच राहिलं.

"हां! आता माझी पोर दिसली," नवरीचे वडील म्हणाले.

मी पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. त्यांना दिसत होतं, सुनेला दिसत होतं. मला काहीच फरक कळंना.

नांदेडच्या डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, साखरेनं आतला पडदा खाल्ला. पिवळा-निळा गेला, आता परत येत न्हाई. मी त्याच्याशीबी भांडलो. बाहेर येऊन रस्त्यावरच्या पिवळ्या झेंडूच्या ढिगाकडं लई वेळ बघत उभा राहिलो. राखेचा ढीग वाटला.

आता खुर्चीवर सून बसती. डबे मी लावून दिलेत तसेच ठेवती, नावंबी तीच. मी बाजूच्या स्टुलावर.

"मामा, हळद किती ठेवू?" ती मानानं विचारती.

"जरा कमी कर," मी सांगतो.

"हाव, केली."

माऊसचा आवाज येत न्हाई. कान अजून शाबूत हायेत माझे.