सगळं एकाच खेपेत

आमच्या समोरच्या दारातले काका शाळेत शिपाई होते. एकतीस वर्षं त्यांनी टोल दिले, म्हणून मुलांनी त्यांचं नाव टोलकाका ठेवलं आणि ते आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं. मग ते निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी नोकरीसाठी बसने पाच तासांवर जाऊन राहिली. आणि काकांच्या दारावरची बेल रोज वाजू लागली.

आधी मला वाटलं, म्हाताऱ्याकडे पाहुण्यांची रीघ लागलीय. कसले पाहुणे! पार्सलवाला. सोमवारी एक साबण, मंगळवारी दाढीची पाती, बुधवारी सुईदोरा. साबण तळहाताएवढा आणि खोकं बुटांच्या जोडीचं. उरलेल्या जागेत हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. कोपऱ्यावरच्या दुकानात पूर्वी आम्ही सगळे आपली पिशवी घेऊन जायचो. ते दुकान आम्हीच घरबसल्या मागवून मागवून बंद पाडलं, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

खोक्यांनी जिना अडला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी थेट त्यांच्या मुलीला फोन लावला.

"बाबांना कितीदा सांगितलं!" ती म्हणाली. "त्या मागवायच्या अ‍ॅपमध्ये 'सगळं एकाच खेपेत पाठवा' असं बटण असतं. खोकी वाचतात, गाडीच्या फेऱ्या वाचतात. थांबा, मीच इथून लावून देते."

गुरुवार ठरला. जिना मोकळा झाला, मी खूश. काका रोज संध्याकाळी पाच वाजता इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडू लागले, तेव्हा तर मी बायकोला म्हटलं, "बघ, पथ्यावर पडलं त्यांच्या. फिरायला लागले."

एका गुरुवारी मी कुलूप लावत होतो आणि समोर पार्सलवाला उभा होता. काका दाढी करून दारात.

"काका, ओटीपी सांगा."

"सात," काका म्हणाले आणि थांबले. "ऊन फार आहे ना बाहेर?"

"हो. पुढे?"

"पुढे... दोन. पाणी देऊ का?"

"नको काका, घाई आहे. पुढचे दोन?"

काकांनी पुढचे दोन आकडेही जमेल तेवढे लांबवले. पार्सलवाला जिना उतरून गेला तरी ते दारातच होते. हे चार आकडे पूर्वी त्यांना रोज मिळायचे, आता आठवड्यातून एकदा. मला स्वतःची लाज वाटली. आठ वर्षांच्या शेजारात मी ती बेल दोनदा दाबली होती, दोन्ही वेळा तक्रार करायला.

मी त्यांच्या घरात गेलो. "काका, पुन्हा रोजचं करून देऊ का?"

"छे हो. तिचं बरोबर आहे. एका साबणापायी केवढा पुठ्ठा, केवढं पेट्रोल! मलाच चोरट्यासारखं व्हायचं." मग हसून म्हणाले, "पण घर फार गप्प झालंय."

तेवढ्यात मुलीचाच फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालूच असतो.

"बाबा, यंदाही रजा साठवतेय. वर्षाअखेरीला येते, सलग आठ दिवस!"

काकांनी फोन तोंडाजवळ धरला.

"बाळा, मी तुझं ऐकलं ना? सामान एकाच खेपेत मागवतो. तू मात्र सुटीसुटी येत जा. एकेक दिवस, आठ वेळा."

"बाबा, एवढ्या फेऱ्या? तुम्हीच सांगा, किती डिझेल..."

"बस तर तू नसलीस तरी येतेच की," काका म्हणाले. "बेल थांबल्यापासून साडेपाचची गाडी मी रोज स्टँडवर जाऊन बघतो. सगळे उतरेपर्यंत थांबतो."