आधी बूट, मग नमस्कार

निरवांगीहून दादाचा फोन आला, "सुमे, गाडी घेऊन ये. वैशूला बारामतीहून कायमची घरी आणायची हाय." वैशू म्हणजे दादाची लेक, माझी भाची, आयटीआयला फिटर. शेवटचे काही महिने वर्गाऐवजी कंपनीतच शिकायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या तात्यांनी "पोरीची जात, मशिनवर काय करती?" म्हणून दादाचे कान भरले. मी पुण्याहून निघाले ती भांडायच्या तयारीनंच.

हडपसर एकदाचं सुटलं की सोलापूर हायवेवर गाडी चालवायला मजा येते. भिगवणला मासे न खाता पुढं जाणारा माणूस मला अजून भेटायचाय! चिलापीचा रस्सा, गरम भाकरी, आणि सगळं पुण्याच्या निम्म्या भावात. डाळजच्या पुढं हायवे सोडला की उसाच्या ट्रॉल्या लागतात. ओव्हरटेकचा नाद करू नका.

रात्री निरवांगीत जेवताना दादा म्हणाला, "शिकली तेवढं बास झालं."

"आधी तिचं काम तर बघ. न बघता म्हैस तरी घेतोस का तू?" मी म्हटलं. वहिनी पदराआड हसली.

सकाळी बारामतीच्या एमआयडीसीत वैशूच्या कंपनीत पोचलो. साहेबांनी आत जायची परवानगी दिली. मी गेटवरचे जाड बूट घातले. दादानं मात्र वर्कशॉपच्या दारात चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. घरी ट्रॅक्टरवरही तो अनवाणीच चढतो. यंत्र म्हणजे लक्ष्मी, ही आमच्याकडची रीत.

"आबा, थांबा!" निळ्या ड्रेसमधली वैशू धावत आली. "अनवाणी आत यायचं न्हाय."

"अगं, लक्ष्मी हाय ती."

"व्हय. पण हितल्या लक्ष्मीला बूट घालूनच भेटायचं. पायावर लोखंड पडलं तर?"

दादाला 'थांबा' म्हणायची घरात कुणाची छाती नाही. वैशूनं खाली बसून त्याच्या पायात बूट चढवले, नाड्या बांधल्या. त्यानं एकेक पाय पुढं केला.

मग तिनं एका मशिनच्या मोटारीची जोडणी तपासली, मान हलवली, बोल्ट सैल करून पुन्हा बसवली. ती "चालू करा" म्हणेपर्यंत बटणाला कुणी हात लावला नाही.

"हे आयटीआयत शिकवत न्हाईत व्हय?" दादानं विचारलं.

"तितं चुकलं तर सर वरडत्यात, आबा. हितं चुकलं तर अख्खी लाइन बंद पडती."

परतताना मागची सीट रिकामीच होती. "काय रे, न्यायची होती ना?" मी डिवचलं.

"रविवारी सुट्टी असती तिला. येईल तवा," दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला. मला इतका आनंद झाला की गाडी थांबवून दोघांसाठी उसाचा रस घेतला.

पुण्यात परत येऊन आठवडा झाला. काल वहिनीचा फोन आला, हसूच आवरेना तिला. तात्या आमच्या मशिनवर कडबा कापायला आले आणि रीतीप्रमाणं चपला काढून उभे राहिले. दादानं आतून नवेकोरे बूट आणून त्यांच्यापुढं ठेवले.

"तात्या, आधी हे घाला. आमच्या फिटरचा हुकूम हाय."