सहा गट, बेचाळीस नावं

जून महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ.

पटावर बेचाळीस. हजर अडतीस: मुलं आठ, तरुण सहा, संसारी माणसं तेरा, साठीच्या पुढची अकरा. गैरहजर चार: मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एक आजी, त्यांच्याजवळ थांबलेले आजोबा, आणि राहात्याला लग्नाला गेलेली एक आई व तिची मुलगी. पाळकसाहेबांना पटावर धरत नाहीत. ते बदलीने येतात आणि बदलीने जातात.

ही नोंद माझ्या अक्षरातली आहे. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, सेक्रेटरी होऊन मला सात वर्षं झाली. एरवी मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, त्यामुळे पट, हजेरी, दाखले हे सगळं माझ्या हातचं काम. त्रेपन्न वर्षांची आहे. मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा पुण्यात असतो.

त्या रविवारी गट पहिल्यांदा बसले. ही कल्पना पाळकसाहेबांची. नवीन आले तेव्हा त्यांनी दोन महिने काहीच बदललं नाही, नुसतं पाहिलं. मग कमिटीत म्हणाले, "आपण दीड तास एका छताखाली बसतो आणि आशीर्वचन झालं की पांगतो. मुलं मागच्या खोलीत शब्बाथ शाळेला. तरुण भिंतीकडेला मोटारसायकलींजवळ. म्हातारी माणसं रिक्षाची वाट बघत बाकावर. मागच्या बाकावरच्या आजींचं नाव सहावीतल्या मुलीला माहीत नाही, आणि त्या मुलीचं आजींना नाही. असं असेल तर आपण मंडळी कशाची?"

ते खरं होतं. आमची मंडळी तालुक्याच्या गावातली, लहान. जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात. मुलं बारावी झाली की नगरला नाहीतर पुण्याला जातात, आणि परत येतात ती नाताळात किंवा कोणाच्या मातीला.

ठरलं ते असं. सगळ्या वयांची माणसं मिसळून गट करायचे. उपासनेनंतर पाऊण तास गटाने एकत्र बसायचं. प्रत्येकाने दुसऱ्याला एक गोष्ट शिकवायची आणि दुसऱ्याकडून एक शिकायची, मग ती शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली असो, गाण्यातली असो की मोबाईलमधली. आणि कोणी लागोपाठ दोन रविवार दिसलं नाही, तर दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता त्याच्या गटाने त्याच्या घरी जायचं. हा शेवटचा नियम मी सुचवला होता. घरभेटी पूर्वी पाळकांवरच पडायच्या आणि निम्म्या राहून जायच्या.

याद्या करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी कुटुंब नोंदवही घेतली. ती म्हणजे दोन भोकांची फाईल, एका कुटुंबाला एक पान. वर कुटुंबप्रमुखाचं नाव, खाली बायको, मुलं, बाप्तिस्म्याच्या तारखा. एकेक पान उलटत मी नावं उतरवली. बेचाळीस झाली. सहा गट, प्रत्येकी सात. एक नाव कमी नाही की जास्त नाही. प्रत्येक गटात निदान एक मूल, एक तरुण, दोन म्हातारी माणसं. नवरा-बायको एका गटात नकोत, भांडलेल्या दोन जावा तर नकोतच. तीन संध्याकाळी गेल्या. बेरीज जुळली की मी परत तपासत नाही. जुळलेली बेरीज पुन्हा तपासणं म्हणजे वेळ घालवणं, असं मी शाळेत नवीन क्लार्कना सांगत आले आहे.

पाळकसाहेबांनी याद्या वाचल्या. पहिला गट कचेरीत गेला, दुसरा व्हरांड्यात, तिसरा कडुनिंबाखाली. खुर्च्या ओढल्याचे आवाज झाले आणि अंगण रिकामं झालं. मी हजेरीचा पुठ्ठा घेऊन मध्यभागी उभी होते. माझं नाव वाचलं गेलं नव्हतं. मी याद्यांवरून नजर फिरवली. नव्हतंच. वाटलं, घाईत राहिलं असेल. तसंही मला सगळ्या गटांत फिरून हजेरी घ्यायचीच होती. पाळकसाहेबही फिरत होते. आम्ही दोघं फिरतीवर, असं मी स्वतःला सांगितलं आणि पहिल्या गटाकडे गेले.

गट चांगले चालले. हे मला मान्य केलंच पाहिजे, कारण जून-जुलैच्या हजेरीत ते दिसतं. रिक्षा बाहेर हॉर्न वाजवायची आणि आतली म्हातारी माणसं "थांब रे जरा" म्हणायची. सगळ्यात आवाज तिसऱ्या गटाचा. त्यात साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक फिटर आजोबा होते आणि सहावीतली एक मुलगी. आजोबा तिला टाळ धरायला शिकवायचे. ती त्यांना मोबाईलवर शास्त्र उघडून अक्षर मोठं करायला शिकवायची.

"आजोबा, इतकं जोरात दाबू नका. नट आहे का तो?"

"नट असता तर कवाच बसला असता. ह्ये आपलं सरकतंय नुसतं."

"हळू. नुसतं बोट टेकवायचं."

"टेकवलं. आता ह्यो कोन मानूस आला?"

"तुम्ही व्हिडिओ कॉल लावलाय, आजोबा. बंद करा आधी."

सातही जण हसायचे. मी बाजूला उभी राहून सात खुणा करायचे आणि चौथ्या गटाकडे जायचे. कधी कोणी म्हणायचं, "बसा ना ताई." मी म्हणायचे, "अजून तीन गट राहिलेत." फिरून होईपर्यंत पाऊण तास संपायचा. मग खुर्च्या मोजून आत लावायच्या, कुलूप लावायचं, आणि बाजारपेठेतून चालत घरी. जाताना मी कोण काय शिकलं ते आठवत जायचे, कारण ते नोंदवायचं असायचं. मला कोणी काय शिकवलं असा रकाना नव्हता.

ऑगस्टमध्ये मला ताप आला. सांधे धरले, चपातीचं पीठ मळता येईना. शाळेत रजेचा अर्ज व्हॉट्सॲपवर पाठवला. शेजारच्या खाला भिंतीवरून खिचडीचा डबा द्यायच्या आणि डबा तसाच परत आला की रागवायच्या. मुलगा पुण्याहून रोज फोन करायचा. "डॉक्टरकडे गेलीस का? काय म्हणाले?" मी गोळ्यांची नावं आणि वेळा वाचून दाखवायचे. त्यापलीकडे आम्हा दोघांना काय बोलावं ते सुचत नसे.

पहिला रविवार गेला. दुसऱ्या रविवारी सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. मी उठून बसले.

"ताई, बरं आहे ना? हजेरीचं पुस्तक कुठं आहे?"

"कचेरीत, डावीकडच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर."

"सापडलं. आराम करा. प्रार्थनेत आहात तुम्ही."

त्या दुपारी मला जरा उतार पडला होता. तोंड धुतलं, धुतलेली साडी नेसले. पुढच्या खोलीतला टेबलफॅन पुसला. ट्रेमध्ये कप मांडले, सात. चहाचं आधण मंद ठेवलं. मी कुठल्याही गटात नाही हे मला माहीत होतं. यादी माझ्याच हातची होती. तरी कप काढले. चार वाजले. सव्वाचार झाले. फाटकाशी एक टेम्पो थांबला, पण तो समोरच्या घरी गॅसच्या टाक्या द्यायला आला होता. पाच वाजता मी गॅस बंद केला आणि कप परत कपाटात लावले. कोणाचा राग आला नाही. नियम बरोबर चालला होता. ज्या गटाचं माणूस गैरहजर असेल तो गट जातो. माझं गैरहजर असणं कोणत्याच गटाचं नव्हतं. त्याच दुपारी पाचवा गट मोतीबिंदूवाल्या आजींकडे, त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून, गेला होता, हे मला नंतर नोंद करताना कळलं.

तिसऱ्या रविवारी मी गेले. उपासना झाली, गट बसले, मी पुठ्ठा घेऊन निघाले. कडुनिंबाखाली फिटर आजोबांनी मला अडवलं.

"बाई, दोन रैवार दिसला न्हाई."

"ताप होता."

"मंग कोन आलं हुतं भेटाया?"

"कोणी नाही."

"कोनी न्हाई कसं? तुमचा गट कोनता?"

मी म्हटलं, "मी सगळ्याच गटांत फिरते."

"त्ये फिरनं झालं. बसता कुठं?"

मुलीने माझ्या हातातून याद्या घेतल्या आणि बोट लावून सगळी बेचाळीस नावं वाचली. मोठ्याने वाचली. "मावशी, तुमचं नाव राहिलंय," ती म्हणाली, गणितातली चूक सापडावी तसं.

"घाला मंग आमच्यात," आजोबा म्हणाले.

"गट सातचा आहे, आजोबा. आठ झाले तर सगळी वाटणी बिघडते."

"मंग मी मरतो. जागा हुईल."

"आजोबा," मुलगी म्हणाली, "तुमचं अक्षर मोठं करायचं अजून पाठ झालेलं नाही. आत्ता मरू नका."

मी हसले. पण माझं नाव कसं राहिलं हे मला बघायचंच होतं. मी नोंदवहीवरून उतरवलं होतं आणि माझ्याकडून नावं सुटत नाहीत. गट सुटल्यावर मी कचेरीत गेले. आजोबा रिक्षा सोडून मागोमाग आले आणि दारातल्या खुर्चीवर बसले. नोंदवहीत माझं पान नव्हतं. पुन्हा उलटली. नव्हतं. मग मी खालच्या फळीवरची राखाडी फाईल काढली.

आमच्याकडे पद्धत अशी आहे. कुटुंबप्रमुख वारला की त्याच्या नावावर तांबड्या शाईने रेघ मारायची, पुढे "प्रभूमध्ये निजले" लिहून तारीख घालायची आणि पान राखाडी फाईलमध्ये लावायचं. विधवेचं नाव मुलाच्या पानावर उतरवायचं. मिस्टर गेले त्यानंतरच्याच आठवड्यात मी कचेरीत येऊन हे काम केलं होतं. लोक म्हणाले, ताई किती खंबीर आहेत. मला काम उरलेलं ठेवायचं नव्हतं, एवढंच. रेघ सरळ आहे, पट्टीने मारलेली. पण आमच्या मुलाचं पान मंडळीत नव्हतं. त्याने त्याआधीच पुण्याच्या मंडळीसाठी दाखला नेला होता, आणि तो दाखला मीच टाईप केला होता. म्हणजे माझं नाव उतरवायला पानच नव्हतं. ते होतं तिथेच राहिलं होतं, तांबड्या रेघेच्या खाली, दुसऱ्या ओळीत, निळ्या शाईत. दोन वर्षं मी स्वतःला वारलेल्यांच्या फाईलमध्ये लावून ठेवलं होतं आणि दर रविवारी बाकीच्यांची हजेरी घेत होते.

मी पान आजोबांपुढे धरलं. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ वाचलं.

"लई चांगलं पेटी वाजवायचे," ते म्हणाले. "गडी गेला आन् मी भेटाया आलो न्हाई तुमच्याकडं, मातीनंतर. वाटलं, तुमाला कामं असत्याल."

"होती," मी म्हटलं.

"व्हय." त्यांनी पान परत दिलं. "पुढच्या रैवारी खुर्ची धरून ठिवतो. पुठ्ठा पोरीकडं द्या. तिला मोजाया येतं."

पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "चूक माझी आहे, ताई. मी याद्या वाचल्या आणि तुमचं नाव नाही हे मला ऐकू आलं नाही." मग म्हणाले, "नवीन पान करून टाका. कुटुंबप्रमुख तुम्हीच."

आता मी तिसऱ्या गटात बसते. यादीत माझं नाव आठवं आहे, पेन्सिलने, कारण नोंदवहीत पान असल्याशिवाय शाईने लिहायचं नाही हा माझाच नियम. हजेरी मुलगी घेते. खुणा वाकड्या करते, पण चुकत नाही. गेल्या रविवारी मी टाळ धरायला शिकले. नीट जमला नाही. मी ठेका मोजत होते आणि आजोबा म्हणत होते, मोजू नका, ऐका. घरी जाताना बाजारपेठेपर्यंत ती मुलगी आणि तिची आई बरोबर असतात. तिथून पुढे मी एकटीच असते, पूर्वीसारखीच.

पानाचं मात्र तसंच आहे. काम दहा मिनिटांचं. कोरं पान घ्यायचं, पहिल्या ओळीत माझं नाव लिहायचं, बाप्तिस्म्याची तारीख घालायची, सही. मग राखाडी फाईलमधल्या पानावर माझ्या नावापुढे "नवीन पानावर नेले" असा शेरा मारायचा. तो शेरा मारला की त्या पानावर मिस्टर एकटेच राहतात. मी दोनदा कचेरी उघडून बसले. एकदा नाताळच्या नाटकाची यादी केली, एकदा कपाट आवरलं. नवीन पान अजून लिहायचं आहे.