फक्त पहिलाच गट

आमच्या साखर कारखान्याचा सर्व्हर जुना आहे. त्याच्यावर माझा राग होता, पण तो कधीच निवळला. माणसांवरचा मात्र अजून तसाच आहे.

ऊसतोडीच्या टोळ्यांनी त्या दिवशी कोणत्या शेतात जायचं, याचा प्रोग्रॅम त्या युनिक्स सर्व्हरवरून पहाटे गावोगावच्या गट ऑफिसांना जातो. ते काम करणारी शेल स्क्रिप्ट माझीच. यंदा हंगामाच्या तोंडावर वरून हुकूम आला, फाइली सुरक्षित मार्गाने पाठवा. मी त्यातली एक कमांड बदलली आणि दुसऱ्याच दिवसापासून प्रोग्रॅम फक्त पहिल्या गटाला जायला लागला. बाकी सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली. त्यात पहिला गट नेमका चेअरमनसाहेबांच्या गावाचा.

मग काय विचारता. शेतकी ऑफिसर हसत म्हणाले, मॅडम, तुमचं मशीन राजकारण शिकलं वाटतं. मी हाताने एकेका गटाला पाठवून पाहिलं की फाइल सरळ पोहोचायची. स्क्रिप्ट चालवली की पहिल्यावरच गाडी अडायची. बरं, अडली तर निदान तसं सांगावं. एररचा एक शब्द नाही, लॉगमध्ये रोज ‘काम पूर्ण’. माणूस खोटं बोलताना निदान नजर तरी चुकवतो. मी ऑफिसला येऊन बाकीच्यांना हाताने पाठवेपर्यंत टोळ्या पहिल्या गटातच फडावर लागलेल्या असायच्या.

वळसंगला माझे मामा आहेत. त्यांच्या घरी राहूनच मी शाळा शिकले. त्यांचा ऊस तुरे येऊन उभा होता, रोज वाळत होता, आणि त्यांचा गट यादीत सगळ्यात शेवटचा. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “तू तितं असून आपल्याला तोड न्हाय, व्हय गं?” ते वाक्य मला फार लागलं. चेअरमननी केबिनमध्ये बोलावून झापलं असतं तर इतकं लागलं नसतं.

शेवटी एका दुपारी उलगडा झाला. स्क्रिप्टमधला लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, यादीतून एकेक गट वाचतो. मी घातलेली नवी कमांडही त्याच यादीतून वाचत होती. पहिल्या गटाचं काम करता करता ती उरलेली सगळी नावं गिळायची आणि लूपला वाटायचं, यादी संपली. पंगतीत पहिल्याच पाहुण्याने अख्खं पातेलं फस्त करावं आणि वाढप्याने जेवणं झाली म्हणून पानं उचलावीत, तसं. त्या कमांडला मी यादी वाचायला मनाई केली. एवढीशी भर. दुसऱ्या पहाटे प्रोग्रॅम सगळीकडे गेला.

चेअरमनसाहेबांना हे समजावलं. ते म्हणाले, नेटवर्कचा बिघाड होता म्हणून सांगा, हे असलं कुणाला पटायचं नाही. मी तसंच सांगितलं. तेही कुणाला पटलं नाही.

मामांचा ऊस तुटून कारखान्याला गेल्यावर मी जुळे सोलापूरहून स्कूटीवर वळसंगला गेले. निदान त्यांना तरी खरं कळावं म्हणून यादी, लूप, पंगत, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“लई हुशार झालीस गं,” ते म्हणाले. “साहेबाला बरं झाकलंस की.”

मामी त्यांना कन्नडमध्ये काहीतरी तोडून बोलली. रागावली की ती कन्नडवर येते. मी म्हटलं, मामा, खरंच मशीनची चूक होती. ते हसले, अगदी मायेनं. रागावले असते तर मी भांडले तरी असते.

“व्हय व्हय. तुजी नोकरी हाय, कळतंय मला. फुडच्या हंगामाला तेवडा आपला गट वर घे.”

आता क्रमाने काहीच फरक पडत नाही. वळसंगचा गट पहिला घेतला तर कुणाचं नुकसान नाही, आणि मामांचं समाधान होईल. मी तो शेवटीच ठेवलाय. मामा गावात सांगतात, पोरगी साहेबांची झाली.