कौसाबाई मागच्या रांगेत

तुम्ही हसणार, हे ठाऊक असूनही सांगतो. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण खरी माती खाल्ली ती निवृत्तीनंतर, हुडकेश्वरच्या समाजभवनात!

मोठ्या माणसांना अक्षरं आणि मोबाईल शिकवायचं काम घेतलं होतं. त्याआधी दोन दिवस आम्हालाच प्रशिक्षण. "प्रत्येक प्रौढ वेगळा असतो, आधी त्याला ओळखा," असं तिथं बजावलं. आता ओळखायला कितीसा वेळ लागतो? मी तर एकेकाला दारातून आत येतानाच ओळखून टाकलं!

वानखेडेकाका. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणार. हुशार! पहिल्या रांगेत.

कौसाबाई. भाजीच्या दुकानातून थेट येणार, पदराला कोथिंबिरीची काडी. मंद! मागच्या रांगेत. त्यांनी तोंड उघडलं की मी म्हणायचो, "मावशी, घाई नको. तुम्ही फक्त बघा."

तीन आठवड्यांनी प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम तपासणीला आल्या. मी ऐटीत म्हटलं, "काका, आपल्या क्लासच्या ग्रुपवर फोटो टाकून दाखवा."

काकांनी मान डोलावली.

"टाका ना!"

पुन्हा मान.

"काका, फोटो!" मी घसा फोडला.

काका प्रसन्न हसले. "हो हो, जेवूनच आलो."

मागून कौसाबाई म्हणाल्या, "सर, त्याईले ऐकू येत नाही. पयल्या दिवसापासून."

"मग सांगितलं काहून नाही, मावशी?"

"तुम्ही बोलू देल्लं कुठं?"

बाई उठल्या, मॅडमचा फोटो काढला आणि फटकन ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे फोन वाजले!

"हे कधी शिकल्या?"

"हे तं आधीपासूनच येते. गिऱ्हाइकाईले रोज भाजीचे फोटो टाकते मी. पण ते लिहून पाठवतात, ते वाचता येत नाही. दुसऱ्याच्या हातापाया पडा लागते. म्हणून अक्षरं शिकाले आली. अन् तुम्ही तीन हप्ते फोटोच शिकवून राहिले!"

कान तापले नुसते.

मॅडमनी क्लासच्या वहीत शेरा लिहिला, वही माझ्या हातात दिली आणि निघून गेल्या.

"काय लिहिलं, सर?" कौसाबाईंनी विचारलं.

"काही नाही. क्लास चांगला आहे म्हणतात," मी दडपून सांगितलं.

तेवढ्यात वानखेडेकाका माझ्या खांद्यावरून वहीवर वाकले. ऐकू न येणारा माणूस हळू कसा वाचणार? अख्खं समाजभवन दणाणलं:

"शिकणारे उत्तम! शिक्षक कच्चे!"