चौथा मोजा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोनदा तिच्यासमोर तोंड उघडलं — आणि दोन्ही वेळा भाजीत मीठ कमी आहे असलं काहीतरी बोलून गेलो. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय की काय, कोण जाणे. पण आज सांगतो.

मी मोटारमिस्त्री. गोंदियाला स्टेशनच्या पलीकडे एका कारखान्यात काम करतो, घर फुलचूरला. मराठी सातवी झालेला आहे, त्यामुळे लिहिता येतं. एवढीच माझी ओळख पुरे. मोठी ओळख करून द्यायची ती जयरामभाऊची.

जयरामभाऊ केशोरीकडच्या एका मालगुजाराचा ड्रायव्हर होता. पहिल्या लढाईत बसऱ्याला लॉरी चालवून आलेला माणूस. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. मी कारखान्यात नवीन होतो, पाना कसा धरायचा तेही धड येत नव्हतं, तेव्हा मोटार दुरुस्तीला आणली की तो स्वतः माझ्या शेजारी उताणा पडून एकेक भाग हात लावून दाखवायचा. पुढं मी शिकलो. मग तो आमच्या मोठ्या मिस्त्रींना सगळ्यांसमोर सांगू लागला, "मोटार गोपालच्या हाती देतो. दुसऱ्याच्या नाही." हे ऐकताना माझी छाती किती फुगायची! त्या फुगलेल्या छातीनंच पुढचं सगळं केलं. पण हे सबब म्हणून सांगत नाही — घडलं तसं सांगतो.

आताच्या लढाईचं दुसरं वर्ष होतं. उन्हाळ्यात जयरामभाऊ मोटार घेऊन आला. मोटार जुनी, कापडी टपाची, कुण्या साहेबानं विलायतेला जाताना विकून टाकलेली. म्हणाला, "गोपाल, हे स्टेअरिंग आयकून नाही रायलं. मी उजवीकडे म्हनतो, हे इचार करते."

मी खाली शिरलो. तो वर बसून स्टेअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे हलवत राहिला आणि मी एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेलो. ढिला सांधा हाताला कळतो, आत टक् असं होतं. जुन्या मोटारीत स्टेअरिंगच्या दांड्यांना असे चार सांधे असतात. प्रत्येकात एका वाटीत लोखंडी गोळा बसवलेला, आत ग्रीस, आणि धूळ-चिखल आत जाऊ नये म्हणून वरून कातड्याची पिशवी बांधलेली. साहेबलोक तिला बूट म्हणत, आम्ही मोजा म्हणायचो. मोजा फाटला की रेती आत जाते, रेती आणि ग्रीस मिळून लोखंड पाट्यावर वाटल्यासारखं झिजवतात, आणि एक दिवस गोळा वाटीतून निघून येतो. मग हातात स्टेअरिंग राहतं, पण पुढची चाकं तुमची राहत नाहीत.

तीन मोजे उघडच फाटलेले होते. चौथा स्टेअरिंगच्या पेटीखाली, अडचणीत. खालून पाहिलं तर धड दिसला. वरच्या अंगानं बोट फिरवलं तर बोट आत गेलं.

लढाईमुळे मुंबईहून माल येत नव्हता. जयरामभाऊनं आपल्या गावच्या चांभाराकडून मऊ कमावलेलं कातडं आणून दिलं, चार मोज्यांपुरतं, मापून. ते मी रात्रभर एरंडेलात भिजत ठेवलं, दुसऱ्या दिवशी कापलं. तीन मोजे झकास झाले. चौथ्याचं, दांडी जाण्यासाठीचं भोक मी मोठं पाडलं. घाईत नाही, धुंदीत. मोठे मिस्त्री बघत होते, आणि मला त्यांना दाखवायचं होतं की मी न मोजताही कापू शकतो.

भोक मोठं म्हणजे मोजा वाया. जयरामभाऊला सांगितलं असतं तर काय झालं असतं? हसला असता. चार दिवसांनी दुसरं कातडं घेऊन आला असता. एवढंच! पण मी जुनाच मोजा काढला, फाटलेली जागा मेणाच्या दोऱ्यानं शिवली, काजळी आणि ग्रीस चोपडून नव्यासारखा काळा केला आणि परत बांधला. सांध्याचं बूच, म्हणजे वाटीवरचं आट्याचं झाकण, थोडं आवळलं, ढिलेपणा गेला. वाटी झिजलेली होती, ती तशीच राहिली.

जयरामभाऊनं विचारलं, "चारी बदलले ना?"

"चारी," मी म्हणालो.

तो खाली वाकून पाहायलाही गेला नाही. काऊन जाईल? मी सांगितलं होतं ना.

एवढ्यावर तुम्हाला वाटेल की हाच तो कबुलीजबाब. नाही. एवढंच असतं तर मी ते कधीच सांगून मोकळा झालो असतो — निदान मला तसं वाटतं.

पावसाळा गेला. कार्तिकात, धान कापणीला आलं असताना, जयरामभाऊ मालकाच्या आईला घेऊन अर्जुनीला आगगाडीवर सोडायला निघाला होता. सकाळची वेळ, रस्ता रिकामा. वळणावर मोटार वळली नाही. सरळ शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, खाली धानाच्या बांधीत गेली आणि एका कुशीवर कलली. जयरामभाऊचं कपाळ फुटलं. मालकाच्या आईचं मांडीचं हाड मोडलं. सत्तरीची बाई. ती नंतर आधाराशिवाय कधी चालली नाही.

मालकानं माणूस पाठवला. मी दुसऱ्या दिवशी गाडीनं अर्जुनीला आणि तिथून बैलगाडीनं त्या जागी पोचलो. अर्धं गाव जमलेलं. मालक छत्री घेऊन धुऱ्यावर उभा. जयरामभाऊ जरा दूर, डोक्याला फडकं बांधून, एकटा. तो मालकाला एकच सांगत होता म्हणे: स्टेअरिंग हातात रिकामं फिरलं.

मला तिथं उभ्याउभ्याच कळलं. कुठला सांधा, ते कळलं.

मी सगळ्यांना ओरडून सांगितलं की पेट्रोल सांडलंय, विडी-चिलीमवाल्यांनी जवळ येऊ नये. लोक भराभर मागे सरले. पेट्रोल सांडलेलं नव्हतं. मग मी चिखलात झोपून खाली शिरलो. मेणाचा दोरा कुजून लोंबत होता, मोजा आ वासून पडला होता आणि गोळा वाटीच्या बाहेर आला होता. मी त्याकडे किती वेळ पाहत राहिलो, सांगता येत नाही. बाहेर येऊन "मालक, हे पाहा" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द.

मी गोळा परत वाटीत ढकलला. बूच आवळलं. मोजा वर ओढून तारेनं बांधला आणि त्यावर चिखल लावला.

हा माझा गुन्हा. पहिला खोटेपणा घाबरटपणाचा होता; हे मी हातानं, पाना घेऊन, पूर्ण शुद्धीत केलं.

बैल लावून मोटार सरळ केली. मी आत बसून सगळ्यांसमोर स्टेअरिंग फिरवलं. पुढची चाकं मुकाट्यानं वळली, डावीकडे, उजवीकडे.

मालक म्हणाला, "म्हणजे काही बिघाड नव्हता?"

"नाही मालक. ठीक आहे."

जयरामभाऊ माझ्याकडे रागानं बघेल असं वाटलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो वळणाऱ्या चाकांकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आपल्याच हातांवरचा विश्वास उडताना माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. थोड्या वेळानं तो पुटपुटला, "मंग मलेच झपकी लागली असन."

सकाळच्या नऊ वाजता!

एकच माणूस त्याच्या बाजूनं बोललं — मालकाची आई. ती खाटेवरून सांगत राहिली की जयराम झोपला नव्हता, तो तिच्याशी बोलत होता, नातवंडांचं विचारत होता. मालक म्हणाला, आईला धक्का बसलाय. पुढं मी मोटारीच्या कामाला त्या घरी जायचो, तेव्हा ती मला ओसरीवर बोलवायची. "मिस्त्री, थो झोपला नोता गा." आणि मी म्हणायचो, "होय आई, तुम्ही आराम करा." दोन वर्षांनी ती वारली. खरं बोलणारी ती एकटीच होती, आणि तिला भ्रमिष्ट ठरवण्यात माझा हात होता.

मोटार कारखान्यात आली, त्या आठवड्यातच मी चौथा मोजा बदलला. वाटीही बदलली. भोक अगदी मापात पाडलं.

जयरामभाऊला मालकानं काढलं. दुसऱ्या कुणी ठेवलं नाही. गाडी चालवताना झोपणारा माणूस! कुणी म्हणालं, पितही असेल. तो भावाच्या शेतीत राबू लागला. बैलगाडीचा कासराही तो हातात घेत नसे. भाऊ हाकायचा, हा मागं धानाच्या तणसावर बसायचा. बाजाराला गोंदियाला आला की मात्र माझ्याकडे येऊन बसायचा. एकदा म्हणाला, "डोरे उघडे ठेवूनसन्या बी मानूस झोपते म्हनतात गोपाल. खरं असन का?" मी चहा सांगितला.

गेल्या माघात त्याच्या मुलीची सोयरीक जुळत होती आणि अडली. मुलाकडच्यांनी ऐकलं होतं की बाप दारूडा आहे, दारूपायी मोटार उलथवली. जयरामभाऊ माझ्याकडे आला. "तू चाल माझ्यासंगं. तू मिस्त्री आहेस, तुझं आयकतीन."

मी गेलो. मुलाच्या बापासमोर सांगितलं की मी या माणसाला पंधरा वर्षं ओळखतो, यानं दारूला कधी हात लावलेला नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मुलाच्या बापानं विचारलं, "तं मंग मोटार काऊन उलथली?"

जयरामभाऊ शेजारी बसला होता. त्या घरची कारभारीण दाराआड उभी असणार. सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि मी म्हणालो, "झपकी लागली. कुणालाही लागते."

सोयरीक झाली. चैत्रात लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत जयरामभाऊनं मला वऱ्हाड्यांच्या ओळीत, मानाच्या जागी बसवलं. आणि निघताना माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा तो माणूस माझ्या पायांशी वाकू लागला. मी त्याला धरलं. तो म्हणाला, "तुह्यामुळं पोरीचं झालं, गोपाल."

मी म्हणालो, "असू दे भाऊ."

जयरामभाऊ जिवंत आहे. त्याच्या गावाला सकाळच्या गाडीनं निघालं की दुपारपर्यंत पोचता येतं. मी अजून गेलेलो नाही.